बशीत आई म्हणायचं नाही

९ जून, सोमवार

नंबर लागला. माझ्या लेकीचा, गौरवीचा नंबर लागला.

सकाळी मुलांना उतरवून मी बस झाडत होते, तर ऑफिसातली कमल वरच्या गॅलरीतून ओरडली, "सुविधा, मॅडम बोलावतात."  परवा आगरवाड्याच्या एकाचा डबा बशीत सीटखाली राहिला होता, त्याच्या आईने तक्रार केली असणार असं धरूनच जिना चढले. मनात उत्तर तयार होतं, आणि ते काही नरम नव्हतं.

तर मॅडमनी खुर्ची दाखवली. तीन वर्षं मी पुलापलीकडच्या या शाळेच्या बालरथावर अटेंडंट आहे, पिवळ्या बशीतून अडतीस मुलं आणते नि पोचवते, आणि आज पहिल्यांदा मला 'बसा' म्हटलं. तिसरीतल्या एका मुलीच्या वडिलांची बंदरात बदली झाली, त्यांनी बिऱ्हाड वास्कोला हलवलं. वेटिंग लिस्टवर आमच्या वरचे सहा जण दुसरीकडे गेलेले. सातवी गौरवी. हो की नाही ते वीस तारखेपर्यंत लेखी द्यायचं.

दोन वर्षांपूर्वी फॉर्म भरला तेव्हा हीच कमल म्हणाली होती, अटेंडंटच्या मुलांना वेगळा कोटा नाही हं. मी म्हटलं होतं, कोटा मागितलाय कोणी? रांगेत उभी राहीन. राहिले.

उठताना मॅडम म्हणाल्या, "एक गोष्ट आहे. बसमध्ये ती तुमची मुलगी नाही." मागे एका अटेंडंटचा मुलगा बशीत होता, त्याला रोज खिडकी मिळते म्हणून पालकांनी गोंधळ घातला. तेव्हापासून नियम आहे. बशीत आणि गेटच्या आत मुलीने आई म्हणायचं नाही, बाकीची म्हणतात तसं आंटी म्हणायचं. "जमेल ना?"

न जमायला काय झालं? एका शब्दाचा तर प्रश्न. मी लगेच हो म्हटलं.

सोसायटीने जानेवारीत वाटलेली ही डायरी कपाटावर धूळ खात होती, ती काढली. वीस तारखेपर्यंत सगळं लिहून ठेवणार आहे. आमच्या घरात नंतर प्रत्येकाला वेगळंच आठवतं, आणि खोटी मी ठरते.

१० जून, मंगळवार

काल घरी सांगितलं. गौरेश म्हणाला, "तू म्हणतस तसा." हा नवरा लग्नाच्या मंडपात काय बोलला असेल तेवढंच, त्यानंतर 'तू म्हणतस तसा'. विमानतळावर बॅगा चढवायच्या कामाला आहे, तिकडेही हेच म्हणत असेल. पण खूश झाला हे मला कळलं, कारण तासाभराने पोदेर पाव घेऊन आला तो सायकलवरूनच म्हणाला, "चेडू पुलापलीकडे जाता मगे आता?" म्हणजे नवरोबा तोवर नाक्यापर्यंत जाऊन आले होते.

मांय, म्हणजे माझी सासू, तिला पटलं नाही. "गावची शाळा वायट काय? गौरेश थंयच शिकलो."

"म्हणून तर लोकांच्या बॅगा उचलतो," मी म्हटलं.

तो आतल्या खोलीत चहा पीत होता. ऐकलं असणार. बाहेर आला, कप धुतला, ड्युटीवर गेला. मला थोडं लागलं, पण बोललेलं परत घेणार नाही. खरं तेच बोलले.

आणि गौरवी! तिला सांगितलं तर आधी तिने एवढंच विचारलं, "तुज्या बशीत?" मी हो म्हटलं, तर घराभोवती तीन फेऱ्या मारल्या. मांयला म्हटलं, बघा, चांगल्या शाळेची किती भूक आहे पोरीला. मग तिचे प्रश्न सुरू झाले ते जेवण होईपर्यंत. बशीत मी खंय बसतलंय? तुज्या बाजूक कोण बसता? कोरगावसून येऊक किती वेळ लागता? शाळेबद्दल एकही प्रश्न नाही. लहान आहे, अजून तिला सुचत नाही.

१२ जून, गुरुवार

आमच्या गावच्या, पार्सेच्या शाळेच्या विनिता बाईंकडे दाखला मागायला गेले. भांडायच्या तयारीनेच गेले होते. सगळी शाळा मिळून एकोणीस मुलं, त्यातलं एक कमी होणार, बाई रडतील, विनवतील, पटसंख्या सांगतील, असं गृहीत होतं. रस्त्याने जाताना मी सगळी उत्तरं म्हणूनसुद्धा बघितली. तुमच्या शाळेसाठी माझी मुलगी नाही, असं एक वाक्य होतं, ते मला फार आवडलं होतं.

बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "न्या. मी कोणाला अडवत नाही. दाखला कधी हवा तेवढं सांगा." इतकंच.  माझं वाक्य तसंच राहिलं.

निघताना त्या म्हणाल्या, "एक सांगू? शाळा सुटल्यावर ती घरी थांबत नाही. समोरच्या निवाऱ्यात बसते. तुमची बस जाईपर्यंत. मी घरी जाताना रोज बघते."

मला माहीत नव्हतं. मांय मला म्हणते, पोर दीड वाजता येते, जेवते, मग खेळायला जाते. म्हणजे जेवून निवाऱ्यात जात असेल. बस अडीचला तिथून पुढे जाते, शेवटची मुलं कोरगावला सोडून मी घरी येते तेव्हा तीन वाजलेले असतात. बशीत मी मागे तोंड करून उभी असते, मुलं मोजत. मला कशी दिसणार?

बघा म्हणजे. आपल्या शाळेसमोर बसून ती दुसऱ्या शाळेच्या बशीकडे बघत बसते. एवढी ओढ. आणि मी दोन वर्षं नुसती थांबले, मॅडमच्या मागे लागायला हवं होतं.

१४ जून, शनिवार

आंटी म्हणायची सवय लावायला घेतली. पाटावर मी बसले, ती समोर. हे घर नाही, ही बस. तुला पाणी हवंय. काय म्हणशील?

"आई, उदक."

"नाही."

"आंटी, उदक."

दहा वेळा म्हणून घेतलं. पोट दुखतं तर काय म्हणशील, पेन्सिल पडली तर काय, कोणी मारलं तर काय. पोर हुशार आहे, पाचव्या वेळेपासून चुकली नाही. मग तर दिवसभर खेळच झाला. आंटी, भात वाढ. आंटी, वेणी घाल. मांय एकदम उठली आणि म्हणाली, "माज्या घरात ह्यां चलाचा नाय. पोटच्या चेडवाक आंटी म्हणूक शिकयता ही." आणि जेवण अर्धं टाकून ओसरीवर जाऊन बसली.

मी म्हटलं, शब्दाने काय होतं? मी तिला नऊ महिने पोटात ठेवली, ते काय शब्दाने पुसतं?

आमच्या बशीचा ड्रायव्हर सगुण याला सांगितलं तर तो हसत सुटला. "मगे गौरेशाक अंकल म्हणूक शिकय. म्हणजे सगळा घर इंग्लिश जायत." सगुणदादा, तुमचं काम गाडी चालवणं, म्हटलं.

झोपताना मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला तर ती अर्धवट झोपेत म्हणाली, "आंटी." सवय चांगली लागलीय.

१५ जून, रविवार

मांयच्या समाधानासाठी सातेरीच्या देवळात गेलो. देवीचा प्रसाद, म्हणजे कौल, घ्यायचाच हे तिचं म्हणणं. गुरवाने भिजवलेल्या पाकळ्या देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंना लावल्या, गाऱ्हाणं घातलं की या लेकराला पुलापलीकडच्या शाळेत घालावं काय, आणि आम्ही हात जोडून उभे. उजवीकडची पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. पंधरा मिनिटं काही हललं नाही. मांय डोळे मिटून, गौरेश घड्याळाकडे बघत. गौरवी मात्र डोळे न मिटता उजव्या पाकळीकडे अशी बघत होती, की नजरेनेच ती खाली ओढेल.

उजवी पडली. मांयने मलाच नमस्कार केला की देवीला ते कळलं नाही. आता तिचा विरोध संपला. मी मनात म्हटलं, डावी पडली असती तरी मी घातलीच असती.

आज एक गोष्ट लिहून टाकते, कारण इथे खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय. शाळेचं गॅदरिंग असतं तेव्हा पालकांसाठी निळ्या खुर्च्या लावतात. मी मुलांना रांगेने आणून सोडते आणि पाण्याच्या फिल्टरजवळ उभी राहते. तीन वर्षं उभी आहे. मला त्या खुर्चीवर बसायचं आहे. हे सगळं फक्त गौरवीसाठी चाललंय असं मी सगळ्यांना सांगते, ते नव्वद टक्के खरं आहे.

१८ जून, बुधवार

आज गौरवी माझ्या बशीतून गेली. मॅडम म्हणाल्या होत्या, एक दिवस वर्गात बसवून बघू.

पाच वाजल्यापासून जागी. सगुण इथे पार्सेतच राहतो, बस त्याच्या दारात असते, तिथून आधी रिकामीच कोरगावला जाते आणि मग मुलं घेत मागे फिरते. त्यामुळे कोरगावपर्यंत बशीत आम्ही दोघीच. ती माझ्या बाजूला बसली, माझ्या हातात हात घालून. बाहेर पाऊस होता, तिचं तिकडे लक्षही नव्हतं. एकदा सगुणने आरशातून विचारलं, "कसा वाटता?" तर म्हणाली, "अजून हळू चालव."

कोरगावचा थांबा दिसल्यावर मी तिला उठवलं. माझ्या बाजूची जागा सगळ्यात लहान मुलाची, हा माझाच नियम आहे. तिला तिसऱ्या सीटवर खिडकीपाशी बसवलं आणि म्हटलं, "आता आंटी." तिने मान हलवली.

कोरगावची केजीतली बारकी चढली. ती रोज अर्धी झोपेतच असते, चढली की सरळ माझ्या मांडीवर येते आणि पुलापर्यंत झोपते. तशीच आली. मी तिचं दप्तर काढलं, शर्टाची वरची गुंडी सैल केली. हे सगळं रोजचं. गौरवी बघत होती. मी तिच्याकडे बघून हसले, तर ती खिडकीकडे वळली.

आमच्या बशीची जनेलं, म्हणजे खिडक्या, सरकत्या काचांची. तिसऱ्या सीटची क्लिप मोडलीय, मी सगुणला दोनदा सांगितलं होतं. चोपड्याच्या उतारावर गतिरोधकाला बस आपटली आणि काच सटकन सरकली. मला आवाज आला. मी नेहमीप्रमाणे ओरडले, "हँड्स इनसाइड." सगळ्यांनी हात आत घेतले. कोणी रडलं नाही, म्हणून मी बारकीला पुन्हा थोपटायला लागले.

गेटवर उतरवताना मी प्रत्येकाच्या डोक्याला हात लावून मोजते. एकोणचाळिसावं डोकं गौरवीचं. हात लावला तर कपाळ थंडगार आणि घामाने ओलं. उजवा हात तिने दप्तराच्या पट्ट्याखाली दाबून धरला होता. काढून बघितलं तर मधल्या बोटाचं नख काळंनिळं, कडेने रक्त, पट्टा लाल झालेला. चोपड्यापासून गेटपर्यंत म्हणजे चांगली वीस मिनिटं पोर तशीच बसली होती.

"हाक कित्या मारूक नाय?" माझा आवाज चढला. गेटवरच्या सगळ्या बायका बघायला लागल्या.

ती हळूच म्हणाली, "आई म्हणूचा नाय ना. आणि दुखता तेवा तोंडात आंटी येयना."

नर्सने पट्टी बांधली. हाड शाबूत आहे. मी सगुणला त्या काचेवरून इतकी बोलले, की तो बिचारा जेवायच्या सुट्टीत बाजारात जाऊन क्लिप घेऊन आला. चूक काचेची होती. हे मी इथे स्पष्ट लिहिते.

आणि ऐका, तिसरीच्या टीचर दुपारी स्वतः खाली आल्या. म्हणाल्या, पट्टी बांधलेल्या हाताने हिने सगळी गणितं बरोबर सोडवली, वाचन थोडं मागे आहे पण दोन महिन्यांत येईल, हुशार मुलगी आहे. माझ्यासमोर म्हणाल्या, कमलसमोर म्हणाल्या. 

 येताना बशीतून उतरल्यावर गौरवी नीट म्हणाली, "थँक्यू आंटी." बाकीची म्हणतात तसंच.

१९ जून, गुरुवार

आज तिला घरी ठेवली. मी तीनला आले तर निवाऱ्यात नव्हती, ओसरीवर होती. बोट दुखतंय का विचारलं. नाही म्हणाली. मग जरा वेळाने विचारलं, "ती बारकी रोज तुज्या मांडयेर न्हिदता?"

"रोज."

"तिची आई खंय?"

"तिच्या घरी. ती कामाला जाते."

"मगे तिका घराकडे आई आणि बशीत तू." तिने पट्टीचं टोक उकललं आणि परत चिकटवलं. "मी मोठी म्हणान माका तिसरी सीट?"

मी म्हटलं, सगळ्यांना सारखा नियम. तेव्हा मला काहीतरी टोचलं, आणि जे नऊ तारखेला विचारायला हवं होतं ते मी आज विचारलं. तुका ती शाळा कित्या होयी?

तिला प्रश्नच कळला नाही. माझ्याकडे बघत राहिली, मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारलं असं तिचं तोंड. "माका शाळा नाय होयी. माका बस होयी. तू सकाळी जातस ती तीन वाजता येतस. त्या पोरांक तू रोज गावतस."

मी आत जाऊन चहा ठेवला. तो उतू गेला.

मला राग आला आहे. मॅडमचा, सगुणच्या काचेचा, त्या कोरगावच्या अर्ध्या झोपेतल्या पोरीचाही, तिचा काय दोष. विनिता बाईंचा सगळ्यात जास्त, कारण त्यांनी मला निवाऱ्याचं सांगितलं तेव्हा त्यांना सगळं ठाऊक होतं असं मला आता वाटतं. आणि मी त्या निवाऱ्याचा काय अर्थ लावला ते वर माझ्याच अक्षरात आहे. पान फाडावंसं वाटलं. नाही फाडलं.

तीन वर्षांपूर्वी ती पाच वर्षांची होती. मी साडेसहाला निघायचे तेव्हा ती झोपलेली असायची.

२० जून, शुक्रवार

मुलांना उतरवून सरळ वर गेले. मॅडमनी खुर्ची दाखवली. उभीच राहिले.

म्हटलं, सीट मला हवी आहे, पण माझी मुलगी मला आई म्हणेल. बशीतही आणि गेटच्या आतही. खिडकी तिला देणार नाही, मांडीवर घेणार नाही, रांगेत शेवटी उतरवीन. पण हाक मारायची झाली तर ती आई म्हणेल.

मॅडम वाईट नाहीत. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, "सुविधा, मला कळतंय. पण एकीला सवलत दिली की मी बाकीच्यांना काय सांगू? दुसऱ्या बसमधून येऊ दे तिला. तुये गावाच्या रूटची बस पार्सेवरून जाते. मग प्रश्नच नाही."

तोड चांगली होती. काल दुपारपर्यंत मी ती दोन्ही हातांनी घेतली असती. मी म्हटलं, "दुसऱ्या बशीत तिचं कोणी नाही."

"ती शाळेत शिकायला येणार आहे ना?"

"ते मी म्हणत होते, मॅडम. ती कधीच म्हणाली नव्हती."

त्या म्हणाल्या, घाई करू नका, संधी पुन्हा येणार नाही, मुलगी खरोखर हुशार आहे. हे त्या मनापासून म्हणाल्या आणि तेच मला सर्वांत जड गेलं. टीचरनी तिला नापास केली असती तर किती सोपं झालं असतं. मी म्हटलं, आठव्या नंबराला द्या.

बाहेर ऑफिसात कमल म्हणाली, लेखी लागेल, इंग्लिशमध्ये लिही, फाइलला लागतं. मी तिच्याच टेबलावर बसून मराठीत लिहिलं. माझ्या मुलीचा प्रवेश मला नको आहे. सुविधा गौरेश परब, आई. कमलने वाचलं. शिक्का मारला.

मग खाली येऊन पाण्याच्या फिल्टरपाशी उभी राहिले. पाणी प्यायले. दोन ग्लास.

२१ जून, शनिवार

काल संध्याकाळी घरात जे झालं ते लिहायला आज बळ आलं.

मांयला सांगितलं तर तिने कपाळाला हात लावला. देवीने उजवा प्रसाद दिला होता, आता नाही म्हणणं म्हणजे देवीला खोटी पाडणं. मी म्हटलं, सोमवारी मी जाते आणि देवीला तोंडावर सांगते. विचारलं तुला, तू हो म्हणालीस, उपकार झाले, पण मी नाही म्हणते. कोप करायचा तर माझ्यावर कर. मांय म्हणाली, देवीकडे असं बोलतात काय? म्हटलं, मी बोलते.

मांयचं मला झेपलं. गौरेशचं नाही झेपलं. मी 'तू म्हणतस तसा'ची वाट बघत होते. तो ड्युटीवरून आला, ऐकलं, बूट तसेच पायात ठेवून उभा राहिला.

"माका कोणी विचारल्यान?" तो म्हणाला. "तू होय म्हटलंस, मी होय म्हटलंय. आता तू नाय म्हणतस. विमानतळार सगळ्यांक सांगलंय मी. माजा चेडू पुलापलीकडे शिकता म्हणान." आणि मग, आवाज जराही न चढवता, "गावच्या शाळेत शिकलंय म्हणान मी बॅगा उचलतंय. तूच म्हटलंस त्या दिसा. आता गौरवीन पण उचलूच्यो?"

अकरा वर्षांच्या संसारात तो एवढं एकदम बोलला नव्हता.    कदाचित तो बरोबर असेल आणि वीस वर्षांनी गौरवी हेच माझ्या तोंडावर म्हणेल. म्हणू दे. पण नखातून रक्त येत असताना ती मला हाक मारायला घाबरली होती. माझ्यापुरतं एवढं पुरे आहे. ते त्याला सांगितलं. त्याने बूट काढले, जेवला नाही.

विनिता बाईंना निरोप पाठवला की दाखला नको. त्यांचा निरोप आला, अजून लिहिलाच नव्हता. पार आतलं ओळखणारी बाई आहे ही.

२२ जून, रविवार

गौरवीने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलंय. ती खूश होईल, गळ्यात पडेल, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. मी तिच्यासाठी एवढी लढले आणि तिच्या लेखी मी तिची बस काढून घेतली. तिचंही बरोबर आहे.

आज दुपारी मी मागच्या पडवीत सुकी सुंगटं, म्हणजे सुकी कोळंबी, निवडत बसले होते. पावसात ताजी मासळी बंद, महिनाभर हीच. ती आली आणि सुपाच्या पलीकडे उकिडवी बसली. पट्टी मळलीय.  मग बोलायला लागली, आणि सगळं पाठ करून आल्यासारखं एका दमात.

"मी आंटी म्हणतलंय. बरोबर म्हणतलंय. दुखला तरी रडूचंय नाय, माका आता येता. तिसरी सीट नाका, पाटली दी. त्या बारक्याक मांडयेर घे, मी बघूचंय पण नाय. फकत बशीत घे माका."

माझे हात थांबले. अशी बोलणी माझ्या आठ वर्षांच्या मुलीने माझ्याशी करावीत. चौदा तारखेला पाटावर बसवून मीच शिकवलं होतं, आणि किती कौतुक केलं होतं, पाचव्या वेळेपासून चुकली नाही म्हणून.

"नाय," मी म्हटलं.

"कित्या?"

"बशीत आंटी असता. आंटी मी तुका दिवची नाय."

तिने सूप उलथलं. पडवीभर सुंगटं. मांजर धावून आलं, मांय आतून ओरडली. गौरवी भिंतीकडे तोंड करून मोठमोठ्याने रडली, दोन दिवसांचं आणि कदाचित बुधवारचंही. मी उठवलं नाही, समजावलं नाही. खाली बसून एकेक सुंगट वेचायला लागले. थोड्या वेळाने तीही नाक ओढत वेचायला लागली, पण माझ्या बाजूने नाही, पलीकडून. एकदा हात हाताला लागला तर तिने झटकन काढून घेतला.

उद्या साडेसहाला मी निघेन तेव्हा ती दारात येणार नाही. येऊ नको. रागाव, पाहिजे तेवढी रागाव. तीन वर्षांत अडतीस मुलांतलं एकही माझ्यावर रुसलेलं नाही. आंटीवर कोण रुसतं?